विमानांची ऑर्डर आणि दोन एकर ऊस

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यातले. मी गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत कामाला आहे, घरची थोडी शेती आहे. वाटणीत माझ्याकडे दोन एकर आलेत, पाण्याखालचे, ऊस असतो. थोरली पोरगी यंदा बारावी सायन्सला आहे. लहानपणापासनं तिला पायलट व्हायचंय. मध्यंतरी कोल्हापुरात एका हॉटेलात पायलट अकॅडमीवाल्यांचा मेळावा होता, तिथं मी आणि ती गेलो होतो. पडद्यावर दाखवलं की भारतातल्या कंपन्यांनी सतराशे विमानं मागवलीत, आखाती कंपन्यांनी शेकड्यानं मागवलीत, तीस हजार पायलट लागणार आहेत. त्यांची एका परदेशी विमान कंपनीबरोबर भागीदारी आहे असंही सांगितलं. खर्च पासष्ट लाख. या महिन्यात निम्मे भरले तर सूट. जमिनीला गिऱ्हाईक आहे, इसार द्यायला तयार आहे. मंडळी म्हणतात पोरीसाठी विका. मेहुणा म्हणतो, पोरीच्या नादानं रस्त्यावर याल. मला त्या ऑर्डरीतलं काही कळत नाही. एवढी विमानं येणार असतील तर नोकरी लागणारच ना? काय करू?
— एक बाप

उत्तर

दादा,

आधी उत्तर देते, कारणं मागनं. इसार घेऊ नका. जमीन आत्ता विकायची नाही आणि या महिन्यात कुणाकडं निम्मे पैसे भरायचे नाहीत. पण पोरीला नाही म्हणायचं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या मेळाव्यात त्या एकाच गाठीत बांधल्या गेल्या. पोरीची इच्छा जुनी आहे, खरी आहे. घाई तिची नाही, सूट देणाऱ्याची आहे.

“एवढी विमानं येणार असतील तर नोकरी लागणारच ना?” या एका वाक्यावर तुमची जमीन टांगलेली आहे, म्हणून त्यावरच सविस्तर लिहिते. माझी नोकरी विमान कंपनीच्या नियोजन विभागात झाली. कुठलं विमान कधी येणार, कुठल्या मार्गावर घालायचं, त्याला माणसं किती लागतील, हेच माझं काम होतं. त्यामुळं असले आकडे कसे वाचायचे ते सांगू शकते.

पहिली गोष्ट, पडद्यावरचे आकडे खोटे नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, २५० एअरबसकडून आणि २२० बोइंगकडून. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये इंडिगोनं एकदम ५०० एअरबस मागवली. एका वेळी एवढी विमानं तोवर जगात कुणी मागवली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये आकासा एअर या आपल्याकडच्या नव्या कंपनीनं १५० बोइंग ७३७ मॅक्सची भर घातली, २०२४ च्या शेवटी एअर इंडियानं आणखी शंभर एअरबसची. आखातातही तेच चाललंय. मे २०२५ मध्ये कतार एअरवेजनं बोइंगकडून २१० पर्यंत मोठी विमानं घ्यायचा करार केला. त्यातली १६० पक्की आणि ५० ‘हवी तर घेऊ’ अशा बोलीची. मेळाव्यात हा फरक कुणी सांगितला नसेल. पक्की ऑर्डर वेगळी आणि पुढं घ्यायचा नुसता हक्क राखून ठेवणं वेगळं. बातमीत दोन्हींची बेरीज करून छापतात.

आता ऑर्डर म्हणजे काय, ते ऊसवाल्याला मी काय सांगणार! साखर कारखान्याकडं उसाची नोंद केली म्हणजे तोड आली असं होतं का? नोंद झाली तरी टोळी यायला पाहिजे, वाहन मिळायला पाहिजे, काट्यावर वजन व्हायला पाहिजे, मग बिल. कुणाचा ऊस डिसेंबरात जातो, कुणाचा मार्च उजाडला तरी फडातच उभा. विमानाची ऑर्डर म्हणजे ती नोंद. आणि इथं कारखाने जगभरात मिळून मोठे असे दोनच आहेत. २०२४ या अख्ख्या वर्षात एअरबसनं ७६६ विमानं ग्राहकांच्या ताब्यात दिली आणि वर्ष संपताना ८,६०० पेक्षा जास्त विमानं द्यायची बाकी होती. भागाकार करून बघा, अकरा वर्षांचं काम झालं. बोइंगनं त्या वर्षी फक्त ३४८ दिली. वर्षाच्या सुरुवातीला अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाचा दरवाजाच्या जागचा पत्रा हवेत निखळला, त्यावरनं चौकशा आणि उत्पादनावर मर्यादा. पुढं सप्टेंबरपासनं कामगारांचा संप, तो जवळजवळ दोन महिने चालला.

इंडिगोच्या त्या पाचशे विमानांची डिलिव्हरी कधी आहे माहीत आहे का? २०३० ते २०३५. हे कंपनीनं ऑर्डर देतानाच सांगितलं होतं, त्यात लपवाछपवी नाही. पण मेळाव्यातल्या पडद्यावर पाचशेचा आकडा मोठा असतो आणि साल नसतं. तुमची मुलगी आज लायसन्सच्या मागं लागली तर २०२८ च्या सुमारास ती नोकरीच्या दारात उभी असेल. त्या दिवशी त्या पाचशेतलं एकही विमान आलेलं नसेल. त्या वेळी जी येत असतील ती आधीच्या ऑर्डरीतली.

नियोजन विभागात आमच्याकडं एक तक्ता असायचा. प्रत्येक ओळीत एक विमान, कारखान्यानं त्याला दिलेला क्रमांक, पुढं ते कुठल्या महिन्यात येणार तो महिना. कारखान्याचं पत्र आलं की तो महिना खोडायचा, पुढचा लिहायचा. सीट बनवणारा पुरवठादार मागं पडला, इंजिन आलं नाही, संडासाचा दरवाजा आला नाही, अशा कारणानं तयार विमान कारखान्याच्या अंगणात उभं राहतं. त्या एका महिन्याच्या मागं भरतीचा महिना बांधलेला असतो. विमान तीन महिने पुढं गेलं की प्रशिक्षणाची तुकडीही पुढं ढकलली जाते. लायसन्स घेऊन फोनची वाट बघत बसलेल्या पोरापोरींपर्यंत हे कुणी पोचवत नाही. त्यांना एवढंच कळतं की मेल आला नाही.

आणि ही गत मोठ्या ग्राहकाचीही होते. एमिरेट्सनं २०१३ च्या दुबई एअर शोमध्ये बोइंगच्या नव्या ७७७एक्सची १५० विमानं मागवली, ती २०२० पासून यायची होती. तारीख सरकत सरकत आता पहिली डिलिव्हरी २०२७ वर गेली आहे. एमिरेट्सकडं पैसा आहे, ती थांबली, जुनी विमानं आतनं नवी करून वापरत राहिली. लहान कंपनीला एवढं थांबणं झेपत नाही.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे विमान आलं तरी ते उडेलच असं नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या एका इंजिनात धातूच्या भुकटीपासनं बनवलेल्या भागांत दोष निघाला. तुम्ही फाउंड्रीत आहात, मालात बारीक खोट राहिली तर काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. ती इंजिनं वेळेआधी उतरवून तपासायला लागली आणि दुरुस्तीच्या रांगा लागल्या. २०२४ च्या सुरुवातीला एकट्या इंडिगोची सत्तरपेक्षा जास्त विमानं जमिनीवर उभी होती. गो फर्स्ट या आपल्याकडच्या कंपनीनं तर २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला, तोही याच इंजिनांचं कारण देऊन. गो फर्स्टनं एकूण १४४ एअरबस मागवली होती, त्यातली बरीच यायची बाकी होती. म्हणजे ऑर्डर कागदावर आणि पायलट रस्त्यावर.

जेट एअरवेजचं उदाहरण मी प्रत्येक पालकाला देते. २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादनं तिच्यात २४ टक्के भाग घेतला. परदेशी भागीदार आला म्हणून केवढं कौतुक झालं. २०१८ मध्ये तिची बोइंगकडची ७३७ मॅक्सची एकूण ऑर्डर २२५ वर गेली. आणि १७ एप्रिल २०१९ ला ती बंद पडली. जुलैत ऑर्डर वाढवलेली, पुढच्या एप्रिलला विमान नाही. कितीतरी पायलटांचे पगार महिनोन् महिने थकले होते. किंगफिशरनं ए३८० सारखी दुमजली विमानं मागवली होती, त्यातलं एकही कधी भारतात उतरलं नाही. सगळ्याच कंपन्या बुडतात असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की ऑर्डरचा आकडा कंपनीच्या तब्येतीचा दाखला नाही, मग तुमच्या पोरीच्या नोकरीचा तर तो नाहीच.

आता तीस हजार पायलटांकडं येऊ. हा आकडाही केंद्रीय मंत्र्यांच्या तोंडचा आहे. पण त्यांनी तो पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी सांगितला होता. पंधरा-वीस वर्षांत तीस हजार म्हणजे वर्षाला दीड ते दोन हजार. लायसन्स देणाऱ्या डीजीसीए या केंद्र सरकारच्या खात्यानं २०२३ या एका वर्षात १,६२२ कमर्शियल पायलट लायसन्स दिली. दोन आकडे शेजारी ठेवा. जेवढी गरज धरली आहे, साधारण तेवढेच नवे लायसन्सवाले दरवर्षी बाहेर पडतायत. शिवाय आधीच्या वर्षांतले थांबलेले आहेतच. तेव्हा खुर्च्या रिकाम्या पडल्यात आणि बसायला माणूस नाही, असं चित्र नाही. रांग आहे, आणि ती रांग खरी आहे.

तुम्ही विचाराल, मग डिसेंबर २०२५ मध्ये पायलट कमी पडले म्हणून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती कशी? प्रश्न रास्त आहे. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासनं पुरते लागू झाले, आठवड्याची सलग विश्रांती वाढली, रात्रीच्या लँडिंगवर बंधन आलं, आणि त्या हिशेबानं कंपनीची तयारी नव्हती. कमी खरीच होती. पण अशी कमी पडते तेव्हा सगळ्यांत आधी डाव्या खुर्चीत, म्हणजे कॅप्टनची, पडते.

तुम्ही गोकुळ शिरगावला ये-जा करता, उजळाईवाडीचं विमानतळ तिथंच. तिथं उतरणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानात ७८ माणसं बसतात, आणि पुढं फक्त दोघं, डावीकडं कॅप्टन आणि उजवीकडं फर्स्ट ऑफिसर. कॅप्टन व्हायला वरचं लायसन्स लागतं, त्याला किमान १,५०० तास उड्डाण लागतं, आणि कंपन्या त्याहून जास्तच अनुभव मागतात. नवीन लायसन्स हातात पडतं ते २०० तासांचं, त्यातले बहुतेक एक इंजिनाच्या छोट्या विमानावरचे. त्यामुळं कॅप्टनची कमी आज पडली म्हणून आज लायसन्स घेतलेल्या मुलीला उद्या बोलावणं येत नाही. तिनं आधी उजव्या खुर्चीत काही वर्षं काढायची असतात, आणि उजव्या खुर्चीसाठी गर्दी आहे.

ऑर्डरीचा नोकरीशी संबंधच नाही असं मात्र समजू नका. तसं सांगितलं तर तेही खोटं होईल. ए३२० सारखं एक विमान दिवसभर फिरवायचं तर सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण धरून दहा-बारा पायलट लागतात. विमानं वाढली की जागा वाढतातच, आणि येत्या दहा वर्षांत भारतात त्या वाढतील असं मलाही वाटतं. तुमची मुलगी चुकीच्या क्षेत्राकडं बघत नाही. चुकीचं आहे ते एवढंच, की दहा वर्षांत येणारं पीक दाखवून या महिन्यात पैसे मागणं.

भागीदारीबद्दल नीट विचारा, कारण हा शब्द फार सैल वापरला जातो. विमान कंपन्यांच्या भागीदाऱ्यांचे प्रकार आहेत. सगळ्यांत जास्त दिसते ती कोडशेअर. विमान एकाचं, पण तिकीट दोघं आपापल्या नंबरनं विकतात. इंडिगोची अशी सोय कतार, केएलएम, एअर फ्रान्स, क्वांटास अशा कितीतरी कंपन्यांबरोबर आहे. प्रवाशाला ती बरी, एकाच तिकिटावर पुढचा प्रवास होतो. पण त्यात नवं विमान नाही, नवा पायलट नाही. दुसरा प्रकार भागभांडवलाचा. विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हापासनं सिंगापूर एअरलाइन्सकडं एअर इंडियाचा २५.१ टक्के भाग आहे.

तिसरा प्रकार तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचा. कंपनीला परदेशी मार्ग लवकर सुरू करायचा असतो आणि स्वतःचं मोठं विमान अजून आलेलं नसतं. तेव्हा ती दुसऱ्याचं विमान चालकासकट भाड्यानं घेते. इंडिगोनं मागवलेली ए३५० यायला वेळ आहे, म्हणून तिनं नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिककडनं बोइंग ७८७ घेतली आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टर सुरू केलं. त्याआधी इस्तंबूलसाठी टर्किश एअरलाइन्सची ७७७ घेतली होती. बातमी काय आली, तर भारतीय कंपनीची युरोपात झेप. पण त्या विमानांच्या पुढच्या दोन्ही खुर्च्यांत माणसं आली ती विमानाबरोबरच. विस्तार झाला, पण पायलटची एकही नोकरी इथं तयार झाली नाही. म्हणून ‘विस्तार’ आणि ‘भागीदारी’ हे शब्द ऐकले की दर वेळी विचारायचं, यात उडवणार कोण?

अकॅडमीची परदेशी कंपनीबरोबरची भागीदारी तर यातल्या कशातच बसत नाही. खरा कॅडेट कार्यक्रम असतो तेव्हा विमान कंपनी स्वतःच्या वेबसाइटवर अकॅडमीचं नाव छापते, स्वतः परीक्षा आणि मुलाखत घेते, आणि निवड झालेल्या मुलाच्या नावानं सशर्त नोकरीचं पत्र देते. भारतातल्या मोठ्या कंपन्यांचे असे कार्यक्रम आहेत. ते महाग आहेत, बऱ्याचदा खर्च कोटीच्या वर जातो, आणि तरी ते पत्र सशर्तच असतं. त्या मेळाव्यात मुलीची कुणी परीक्षा घेतली का? नाही. आलेल्या प्रत्येकाला प्रवेश आणि प्रत्येकाला नोकरीची आशा, असं कुठली विमान कंपनी करत नाही. आखाती कंपन्या भारतीय पायलट घेतात हे खरं, पण त्या अनुभवी घेतात, हजारो तासांचे.

आता पैसे न गमावता पुढं जायचा रस्ता सांगते. याचा क्रम बदलू नका.

बारावी होऊ द्या. भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही आहेत ना, तेवढी खात्री करा. कमर्शियल लायसन्सला वय १८ पूर्ण लागतं, त्यामुळं यंदाच्या घाईनं तिचं काही पुढं जाणार नाही. निकालाच्या आधीच वैद्यकीय तपासणी करून घ्या, आधी क्लास टू, म्हणजे सुरुवातीची, मग क्लास वन, म्हणजे कमर्शियल लायसन्सला लागणारी. डीजीसीएनं मान्यता दिलेले डॉक्टर पुण्या-मुंबईत आहेत, एक दिवस काढून जा. क्लास टूला काही हजार रुपये लागतात. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायला लावतात, कान तपासतात, हृदयाचा आलेख काढतात. चष्मा असला म्हणून घाबरू नका, ठरावीक मर्यादेत तो चालतो. क्लास वन हातात आल्याशिवाय कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. आधी पैसे भरून मग तपासणीत अडकलेली मुलं मला माहीत आहेत, त्यांच्या आईबापांचं तोंड बघवत नाही.

त्याच्याबरोबर लेखी पेपर. नॅव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक विषय, आणि शिवाय रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन्स. प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात. याचा अभ्यास करायला विमान लागत नाही, पासष्ट लाखही लागत नाहीत. राजाराम कॉलेजला किंवा विवेकानंदला बीएस्सीला नाव घालून ती हे पेपर देऊ शकते. पहिल्या वर्षात दोन-तीन पेपर सुटले की तिची तयारी किती आहे ते तुम्हालाही दिसेल आणि तिलाही. पदवी हातात असली की आणखी एक दार उघडं राहतं. भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी केलेल्यांना विमानतळ प्राधिकरणाच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या परीक्षेला बसता येतं. निवड झाली की प्रशिक्षण प्राधिकरण देतं, पगारही देतं. पायलट नाही झालीस तर हे कर, असं तिला आज बोलू नका, मन मोडेल. तुमच्या मनात मात्र असू द्या.

पेपर सुटत आले की मग शाळा निवडा. उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी केंद्र सरकारची आहे, तिची प्रवेश परीक्षा असते, ती द्यायलाच लावा. खासगी शाळांची डीजीसीए २०२५ पासनं श्रेणी लावतं. पहिल्या यादीत सगळ्यांत वरच्या श्रेणीत एकही शाळा नव्हती, यावरनं चौकशी किती बारकाईनं करायला पाहिजे ते समजा. आणि शाळेत प्रत्यक्ष जा, हॉटेलात नव्हे. हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, उभं राहून मोजा, उडण्यालायक विमानं किती आणि झाकून ठेवलेली किती. शिकणाऱ्या पोरांना बाजूला घेऊन विचारा की गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले. पावसाळ्यात उड्डाणं थांबतात, विमानं बिघडतात, शिक्षक सोडून जातात, आणि अठरा महिन्यांचा कोर्स तीन वर्षं चालतो. तेवढे दिवस राहण्या-खाण्याचा खर्च तुमचाच.

पासष्ट लाखांत टाइप रेटिंग धरलंय का, हे विचारलंत का? मला वाटत नाही. लायसन्स मिळालं तरी ए३२० किंवा ७३७ उडवायला त्या त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, त्याचे पंधरा-वीस लाख वेगळे जातात. शिवाय नोकरी लागेपर्यंत लायसन्स चालू ठेवायला अधूनमधून उडावं लागतं, तपासणी द्यावी लागते, त्यालाही पैसे. म्हणजे तुमचा खरा आकडा पासष्ट नाही, तो नव्वदच्या आसपास धरून चाला. दोन एकरांचे पैसे पासष्टमध्येच संपले, तर सगळ्यात अवघड वेळेला, लायसन्स आहे आणि नोकरी नाही अशा वेळेला, घरात काही शिल्लक नसेल.

पैशाची जुळणी करताना शैक्षणिक कर्जाचं आधी बघा. बऱ्याच बँका शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असतात, कारण थकलेल्या कर्जापोटी शेतजमीन सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली, जप्त करता येत नाही. घर किंवा बिगरशेती प्लॉट असला तर बोलणं सोपं जातं. दोन-तीन बँकांत जाऊन विचारा, जिल्हा बँकेतही विचारा. जमिनीचा विषय काढायचाच झाला तर तो क्लास वन, पेपर आणि शाळा ठरल्यानंतर, आणि तेव्हाही सगळी नको.

मेहुण्याबद्दल एक सांगते. त्यांची काळजी पैशाची असेल तर ती बरोबर आहे, त्यांना हे पत्र वाचायला द्या. पण “पोरीच्या नादानं” यातला रोख ती मुलगी आहे यावर असेल, तर त्यांना सांगा की भारतात पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. या क्षेत्रात आपल्याकडच्या पोरी जगाच्या पुढं आहेत. तुमच्या मंडळींनी जमीन विकायला हो म्हटलं, हे केवढं मोठं मन आहे. तिला सांगा की जमीन न विकताही पोरीचं काम सुरू होतंय, आजच.

अकॅडमीला मात्र एक पत्र पाठवा, मेलनं, म्हणजे उत्तर लेखी येईल. त्यात विचारा, उडण्यालायक विमानं किती आणि विद्यार्थी किती, गेल्या दोन वर्षांत किती जणांचं लायसन्स झालं आणि त्यातले आज नोकरीत किती, टाइप रेटिंग फीमध्ये आहे का, पैसे उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्यानं घेणार का, मध्येच सोडलं तर परत किती देणार, आणि त्या परदेशी कंपनीच्या कराराची प्रत दाखवणार का. सूट संपायच्या आत उत्तर आलं नाही, तर सूट जाऊ दे. उत्तर आलं तर मला पाठवा, आणि करारनामा असेल तर सही करायच्या आधी तोही पाठवा.

— तुमची ताई